बोंडातले पाठभेद

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला एक गोष्ट फार लवकर कळते, ती ही की मूळ ग्रंथ कोणीच पाहिलेला नसतो. आपल्या हाती येतात त्या नकला, आणि प्रत्येक नकलेत नकलकाराचा हात असतो. कोणी ओळ गाळतो, कोणी समासातला खुलासा मजकुरात ओढून घेतो, कोणाला जुना शब्द कळत नाही म्हणून तो तेथे नवा बसवतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांना ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली ती याच कारणाने. महानुभावांच्या लीळाचरित्राचे तर पाठ कितीतरी, वि. भि. कोलत्यांचे त्याचे संपादन १९७८ साली प्रसिद्ध झाले, त्यामागे या पाठांचा गुंता सोडवण्याचे वर्षानुवर्षांचे श्रम होते. आम्ही यवतमाळला मराठी शिकवण्यात आयुष्य घालवले, आणि पाठचिकित्सेचा तास आमचा विशेष आवडता. तरीही ग्रंथाचे भवितव्य ग्रंथकाराइतकेच नकलकार ठरवतो, हे आम्ही वर्गात जितक्या सहजपणे सांगत असू, तितक्या सहजपणे ते जगाला लागू करून पाहण्याचा प्रसंग आमच्यावर कधी आला नव्हता.

तो आणला आमच्या पुतणीने. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिला विचारले की, बाई, तू दिवसभर नेमके करतेस तरी काय? ती म्हणाली, "काका, तुम्ही जन्मभर केलंत तेच. पेशीत ज्या नकला निघतात त्या कोण हाताळतं आणि कशा, एवढंच बघते." ज्यांच्या हातून हे काम होते त्यांना ती मंडळी आरएनए-बंधक प्रथिने म्हणतात. नाव अवघड आहे. अर्थ साधा आहे. आरएनए नावाच्या रेणूला धरून बसणारी प्रथिने.

वाचकांपैकी ज्यांचा विज्ञानाशी संबंध शाळेतच संपला त्यांच्यासाठी (आमचाही तेथेच संपला होता) थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. पेशीतला वंशपरंपरागत मजकूर डीएनएमध्ये असतो आणि तो कोठाराबाहेर सहसा पडत नाही. त्यातल्या एखाद्या जनुकाचे काम पडले की त्या भागापुरती नक्कल निघते. ती नक्कल म्हणजे आरएनए. नकलेवरून प्रथिन तयार होते, आणि प्रथिनांवर शरीराचा सारा संसार चालतो. शाळेत आम्हांला इतकेच सांगितले होते, आणि त्यावरून आमची समजूत अशी झाली होती की नक्कल म्हणजे टपालवाला. पत्र पोचवायचे, उघडायचे नाही.

ही समजूत १९७७ साली मोडली. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना स्वतंत्रपणे असे आढळले की जनुकातला मजकूर सलग नसतो. कामाच्या तुकड्यांमध्ये बिनकामाचे वाटणारे लांबलचक तुकडे असतात. नक्कल निघाल्यावर ते कापून टाकले जातात आणि उरलेले एकमेकांना जोडले जातात. या कातरकामाला स्प्लायसिंग म्हणतात. त्याबद्दल दोघांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कात्री कोठे चालवायची हे ठरवण्यात आरएनए-बंधक प्रथिनांचा वाटा मोठा असतो. त्यांतले एसआर नावाचे कूळ नकलेवर बसून बहुधा 'येथला तुकडा ठेवा' असे सुचवते, तर एचएनआरएनपी नावाचे दुसरे कूळ बऱ्याचदा 'हा गाळा' म्हणते. कोणत्या पेशीत कोणाची संख्या किती, यावर एकाच जनुकातून वेगवेगळे पाठ तयार होतात. फळमाशीच्या डीस्कॅम या एका जनुकातून ३८,०१६ पाठ संभवतात. त्या माशीची एकूण जनुके याच्या निम्मीही भरत नाहीत. माशीची मादी मादी होते तीही सेक्स-लीथल नावाच्या अशाच एका प्रथिनामुळे. ते मादीत असते आणि लिंग ठरवणाऱ्या नकलेतला एक तुकडा वगळायला लावते. नराच्या नकलेत तो तुकडा तसाच राहतो.

कातरकाम हे या प्रथिनांचे एक काम झाले. नकलेला शेपटी जोडणे, तिला केंद्रकाबाहेर नेणे, पेशीच्या नेमक्या कोपऱ्यात पोचवणे, तिच्यावरून प्रथिन किती आणि केव्हा होऊ द्यायचे ते ठरवणे, आणि अखेर तिची विल्हेवाट लावणे, ही सारी त्यांचीच कामे. शरीरातल्या लोहाचे उदाहरण आम्हांला फार पटले. लोह साठवणाऱ्या फेरिटिन या प्रथिनाच्या नकलेवर एक बंधक प्रथिन बसलेले असते. लोह कमी असले की ते नकलेला घट्ट धरून ठेवते आणि फेरिटिन होऊ देत नाही, कारण शिल्लकच नाही तर कणगी कशाला? तेच प्रथिन लोह पेशीत ओढून आणणाऱ्या दुसऱ्या एका नकलेवर बसते, तेव्हा मात्र तिला नाशापासून वाचवते. लोह वाढले की ते दोन्ही ठिकाणांहून बाजूला होते. मजकूर तोच राहतो आणि घरातली आवक पाहून त्याचा अंमल बदलतो. माणसाच्या शरीरात अशी आरएनएला धरणारी प्रथिने दीड हजारांच्या वर मोजली गेली आहेत.

आता कोणी विचारील की यवतमाळच्या माणसाने यात कशाला पडावे? आमचे म्हणणे असे की हे आमच्या जिल्ह्याइतके थोड्याच ठिकाणच्या माणसांच्या अंगावर आले असेल.

आमचा जिल्हा कापसाचा. येथला कापूस बाहेर काढण्यासाठी इंग्रजी अमदानीत मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रूळ टाकले गेले. शकुंतला नावाने ती गाडी पुढे लोकांच्या जिव्हाळ्याची झाली. राळेगाव, कळंब, पांढरकवडा, वणी, घाटंजी, कोठेही जा, काळ्या जमिनीत पऱ्हाटी आणि तिच्या ओळींमध्ये तूर, हेच दृश्य. मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाने बीटी कापसाला परवानगी दिली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे एक जनुक कपाशीत घातलेले. त्यामुळे झाडच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करते. २००६ साली एकाऐवजी दोन विषांचे वाण आले. आरंभीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीचा उपद्रव खरोखरच कमी झाला, फवारण्या उतरल्या, आणि चारपाच हंगामांत जिल्ह्यातली जवळजवळ सारी पऱ्हाटी बीटी झाली. जे काही आहे ते बियाण्यात आहे, अशी श्रद्धा त्या काळात रुजली. पेराल तसे उगवेल ही म्हण आपल्याकडे होतीच. तिला आता प्रयोगशाळेची मोहोर लागली. जाहिरातींनी ती श्रद्धा वाढवली हे खरे, पण शिकलेल्या माणसांचीही समजूत वेगळी नव्हती. जनुक घातले की गुण आला.

मग २०१७ चा हंगाम उजाडला. त्या वर्षी डोमकळ्या दिसू लागल्या तेव्हाच जाणत्यांच्या लक्षात आले होते. गुलाबी बोंडअळी पात्याफुलांत शिरली की पाकळ्या उमलत नाहीत, गुंडाळून बसतात, ती डोमकळी. बोंड वरून हिरवेगार आणि निरोगी, आत अळीने सरकी खाल्लेली, रुई पिवळी पडलेली. वेचणीला आलेल्या बायांच्या ओट्यात कापसाऐवजी कवडी. आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, राळेगावाकडे शेती पाहतात. त्यांनी एक बोंड नखाने फोडले, आतली अळी आमच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "पिशवीवर बीटी लिवलं हाये न बाप्पा, मंग हे अळी आली काऊन?"

या प्रश्नाला कृषी केंद्रात मिळणारे उत्तर एकच होते, ते म्हणजे पुढची बाटली. आम्ही तो प्रश्न पुण्याला पाठवला. पुतणीने दोन शोधनिबंध वाचून काढले आणि फोनवर आम्हांला ते समजावून दिले. एक २०१४ चा, दुसरा २०१८ चा. दोन्हींत अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे जेफ्री फॅब्रिक, ब्रूस टॅबाश्निक आणि त्यांचे भारतीय सहकारी आहेत. त्यांत निघाले ते असे.

बीटीचे विष अळीच्या आतड्यात गेल्यावर तेथल्या पेशींवरच्या काही प्रथिनांना चिकटते आणि मगच भोके पाडते. पहिल्या विषाला त्यासाठी कॅडहेरिन नावाचे प्रथिन लागते. भारतातल्या शेतांत विषाला न जुमानणाऱ्या गुलाबी अळ्यांमध्ये हे कॅडहेरिनचे जनुक तपासले, तेव्हा त्याची मोडतोड झालेली आठ रूपे सापडली. आणि या आठ रूपांपासून निघालेल्या नकला आठ नव्हत्या, एकोणीस होत्या. आठांपैकी सातांनी प्रत्येकी दोन किंवा अधिक पाठ दिले होते. जनुकावरच्या खुणा बिघडल्यामुळे कात्री कधी येथे चालली, कधी तेथे. कोणत्या नकलेत वाक्य मध्येच संपलेले, कोणत्या नकलेत मोठा तुकडा गायब, कोणत्या नकलेत दोन्ही. विषाला धरायला धड कॅडहेरिनच उरले नाही. पिकाला शेतात आलेल्या प्रतिकारामागे स्प्लायसिंगचा हात असल्याचे हे जगातले पहिले उदाहरण ठरले, आणि ते आमच्या देशातल्या कापसात. दुसऱ्या विषाचीही गोष्ट याच वळणाची. त्यासाठी लागणारे एबीसीए२ हे प्रथिन, आणि प्रतिकारक अळ्यांत त्याच्याही नकलांचे चुकलेले कातरकाम. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ सालीच प्रसिद्ध केले की देशातल्या गुलाबी बोंडअळीत दोन्ही विषांविरुद्ध प्रतिकार आला आहे.

म्हणजे दादांच्या प्रश्नाचे उत्तर असे की पिशवीवर लिहिलेले खोटे नव्हते. जनुक कपाशीत होते, विष पानाबोंडांत होते. कुलूप बदलले होते ते अळीच्या पोटात. आम्ही हे दादांना जमेल तसे सांगितले. ते ऐकून थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मंग थे अळी आपल्याहून शिकेल निंघाली." यात एक दुरुस्ती आवश्यक आहे. अळी शिकली नाही. कोट्यवधी अळ्यांत अशा मोडक्या जनुकाच्या थोड्या पूर्वीपासून असणार. सगळीकडे एकच विष पेरल्यावर बाकीच्या मेल्या आणि याच वाढल्या. भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून या किड्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ साली झाले. तो या मातीत आपल्या बियाण्यांच्या कितीतरी आधीपासून आहे आणि त्याच्या पिढ्या एका हंगामात चारपाच होतात.

आणि या वाढीला आवर घालण्याची युक्ती ठाऊक नव्हती असेही नाही. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे साध्या कपाशीचे पाकीट येत असे. ते शेताच्या कडेने लावायचे. तेथे विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुगतील, आणि प्रतिकार दोन्ही पालकांकडून आल्याखेरीज प्रकट होत नसल्याने संतती पुन्हा मारता येण्याजोगी राहील. विचार उत्तम. अमेरिकेत याच विचारावर, जोडीला नपुंसक केलेले पतंग सोडून, गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे २०१८ साली जाहीर झाले. आमच्याकडे ते लहान पाकीट बांधावर पडले किंवा उकिरड्यावर गेले. पाच एकरांच्या धन्याला आपल्याच शेतात किडीसाठी जागा राखायची, हे समजावून सांगायला पाकिटातल्या बारीक छपाईच्या कागदापलीकडे फारसे कोणी आले नाही. त्यात सिंचन असलेल्यांनी फरदड ठेवली. फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभ्या पऱ्हाटीत अळीला बारमाही बिऱ्हाड मिळाले. कागदावर योजना पूर्ण होती. ती शेतापर्यंत पोचताना ज्या हातांतून जायची ते हातच कोणी मोजले नाहीत.

त्याच २०१७ सालच्या पावसाळ्याअखेरीस जिल्ह्यावर दुसरे संकट आले, आणि ते देशभराच्या वर्तमानपत्रांत पोचले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, कीड आवरत नव्हती, औषधांची मिश्रणे करून लोक फवारत होते. (आमच्याकडे कीटकनाशकाला औषध म्हणतात, हे येथे नोंदवून ठेवतो.) उंच झाडांवर मारलेला फवारा फवारणाऱ्याच्याच तोंडावर येई. शेकडो माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि जिल्ह्यात वीसच्या आसपास दगावली. बहुतेक मजुरीने फवारणारी. दादांच्या शेतात फवारणी करणारा गडी वाचला. चार दिवस त्याला समोरची माणसे धूसर दिसत होती आणि तोंडातून लाळ थांबत नव्हती.

वापरात असलेल्या विषांत ऑर्गनोफॉस्फेट वर्गातली विषे होती. ती आपल्या मज्जातंतूंच्या सांध्यांवरचे ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचे विकर बंद पाडतात. निरोप पोचल्यावर तो पुसून टाकण्याचे काम या विकराचे. ते थांबले की निरोपावर निरोप साचतात, बाहुल्या आकसतात, स्नायू थरथरतात, श्वास अडतो. ॲट्रोपिन देऊन डॉक्टर माणसाला काठावर ओढतात ते याच अवस्थेतून. येथे आम्हांला पुतणीने एक गोष्ट सांगितली जी ऐकून आम्ही काही वेळ बोललो नाही. जेरुसलेमच्या हर्मोना सोरेक यांच्या गटाने १९९८ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले की तीव्र ताणाने किंवा हे विकर रोखणाऱ्या रसायनांनी त्या विकराच्या जनुकाचे वाचनच बदलते. एरवी तयार होणारा पाठ सांध्याला जखडून राहणारे विकर देतो. संकटात दुसरा पाठ पुढे येतो आणि त्याचे विकर मोकळे फिरत राहते. साचलेला निरोप पुसण्याची ती घाईची व्यवस्था. ती पुढे आणणारे प्रथिन एससी३५, म्हणजे वर सांगितलेल्या एसआर कुळातलेच एक, हे त्यांनी २००५ साली दाखवले. आणि हा बदल प्रसंग सरल्यावरही बराच टिकतो. उंदरावरचा निष्कर्ष माणसावर जसाच्या तसा लादू नये हे आम्हांला कळते. पण एका शेतात, एकाच बांधावर, बोंडातल्या अळीच्या पोटात आणि तिला मारायला निघालेल्या प्राण्याच्या मेंदूत विषाला उत्तर देण्याची जागा एकच असावी, नकलेच्या कातरकामाची, हा योगायोग लहान नाही. फरक इतकाच की अळीला पुढची पिढी तीन-चार आठवड्यांत मिळते आणि शिवाय तिच्या मागे कोट्यवधी मेलेल्या अळ्या आहेत. माणसाच्या बाबतीत तो हिशेब मांडायचा नसतो.

तिसरे उदाहरण कापसाबाहेरचे आहे, पण जिल्ह्याबाहेरचे नाही. विदर्भाच्या पूर्व भागात सिकलसेलचा आजार आहे आणि आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी व दलित वस्त्यांना तो चांगला ठाऊक आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातले एक अक्षर बदललेले. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे दुखतात, मूल वाढत नाही. 'रक्तातच आहे, काय करणार' हे वाक्य आम्ही कितीदा ऐकले त्याची गणती नाही. बियाण्यात सारे आहे म्हणणारी आशा आणि रक्तातच आहे म्हणणारी हताशा, दोन्ही एकाच समजुतीची लेकरे आहेत, हे आमच्या ध्यानात आले ते या आजाराचे वाचताना.

कारण येथेही जनुक हा शेवटचा शब्द नाही. जॅनेट वॉटसन या डॉक्टर बाईंनी १९४८ सालीच लक्षात आणून दिले होते की सिकलसेल घेऊन जन्मलेली तान्ही मुले पहिले काही महिने बरी असतात. गर्भात आपले हिमोग्लोबिन वेगळे असते आणि त्याचे जनुक निराळे, बिनदोष. जन्मानंतर ते जनुक मिटवले जाते. मिटवणाऱ्याचे नाव बीसीएल११ए, हे २००८ साली कळले. पण मग गर्भात हे मिटवणारे प्रथिन गप्प का असते? २०२० साली विजय शंकरन यांच्या गटाने दाखवले की त्याची नक्कल तेव्हाही निघत असते. मात्र लिन२८बी नावाचे आरएनए-बंधक प्रथिन त्या नकलेला धरून बसते आणि तिच्यावरून प्रथिन होऊ देत नाही. जन्मानंतर लिन२८बी ओसरते, नकलेवरची पकड सुटते, बीसीएल११ए तयार होते आणि गर्भातले हिमोग्लोबिन बंद पडते. ज्या कुटुंबांत ते पूर्ण बंद पडत नाही त्यांचा आजार पुष्कळ सौम्य राहतो. अक्षर दोघांचेही बिघडलेले तेच. एकाला महिन्यातून दोनदा दवाखाना, दुसऱ्याला वर्षातून एकदा. हायड्रॉक्सियुरिया या गोळीचा उपयोग होतो तोही बराचसा गर्भातले हिमोग्लोबिन वाढवल्यामुळे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने मान्य केलेला एक जनुकोपचार बीसीएल११ए यालाच रक्तपेशींत हतबल करतो. बिघडलेले अक्षर तसेच राहते. ते वाचले जाण्याची सक्ती तेवढी कमी होते.

येथे एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. आम्ही वाचन, पाठ, नक्कल असे शब्द वापरतो आहोत; पण प्रथिनाला अर्थ कळत नाही. ते आरएनएला धरते ते आकार आणि विद्युतभार जुळतो म्हणून. नकलकाराला भक्ती असते, कंटाळा असतो, मत असते. लिन२८बीला यांपैकी काही नाही. आक्षेप रास्त आहे आणि रूपक तेथेच थांबवले पाहिजे. अळीच्या मोडक्या कॅडहेरिनात अन्याय शोधू नये आणि लोहाच्या व्यवस्थेत शहाणपणही. आम्हांला रूपकातून हवे आहे ते एवढेच की मजकूर आणि परिणाम यांच्यामध्ये एक मोठा, गजबजलेला, स्वतःचे नियम असणारा प्रांत आहे आणि त्याला वगळून केलेला कोणताही हिशेब चुकतो.

हा मधला प्रांत दुर्लक्षिला जातो याची कारणे पेशीत शोधायला नकोत, आपल्या स्वभावात सापडतील. आपल्याला लेखक आवडतो, नकलकार नको असतो. बियाण्याचा शोध लावणाऱ्याचे नाव होते. बियाणे कसे पेरायचे हे वाडीवस्तीवर जाऊन सांगणाऱ्या कृषी सहायकाकडे किती गावे आहेत हे कोणी विचारत नाही. विषाचा रेणू बनवणे हे विज्ञान, आणि बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाचा अर्थ फवारणाऱ्याला कळणे ही किरकोळ बाब. २०१७ सालच्या मृत्यूंची चर्चा आम्ही पुष्कळ ऐकली; तीत विषाचे नाव असे, कंपनीचे असे, शासनाचे असे. ज्या दुकानात ते विष विकले गेले त्या दुकानाच्या काउंटरवरचे तीन मिनिटांचे संभाषण, ज्यात कोणत्या दोन बाटल्या एकत्र करायच्या ते ठरते, त्याची चर्चा क्वचित. आमच्या मते निर्णय बहुधा तेथेच झाला होता.

अलीकडे चित्र थोडे बदलले आहे. कामगंध सापळे लावणारी शेते रस्त्यावरून दिसतात; डिसेंबरपर्यंत वेचणी संपवून पऱ्हाटी उपटण्याचा आग्रह गावोगाव होतो आणि काही ठिकाणी पाळलाही जातो; मास्क बांधून फवारणारे दिसतात, जरी उन्हात तो दहा मिनिटांत गळ्याशी येतो. यांतली एकही गोष्ट नवे जनुक नाही. सगळ्या मधल्या प्रांतातल्या आहेत, कंटाळवाण्या, दरवर्षी नव्याने सांगाव्या लागणाऱ्या.

सिकलसेलच्या बाबतीत ही कसोटी यापुढे लागणार आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तिने २०४७ ही सीमा ठेवली आहे. अमेरिकेतल्या त्या जनुकोपचाराची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. ती पुढे उतरेल, आपल्या देशातही उपचार सिद्ध होतील, असे मानायला जागा आहे. तरी झरी-जामणीच्या एखाद्या पोडावरच्या कोलाम मुलीपर्यंत त्यातले काय पोचेल हे प्रयोगशाळेत ठरणार नाही. तिचे रक्त वेळेवर कोणी तपासले का, अहवालाचा अर्थ तिच्या आईला तिच्या बोलीत कोणी सांगितला का, हायड्रॉक्सियुरियाची गोळी पुढच्या महिन्यात उपकेंद्रात शिल्लक होती का, आणि लग्न जुळवताना त्या कागदाचा उपयोग कोणी तिला नाकारण्यासाठी केला की तिला सावध करण्यासाठी, यांवर ते ठरेल. तिच्या जनुकातले अक्षर बदललेले आहे, हे सारे जाणतात. पुढचे वाचन अजून व्हायचे आहे, आणि ते पेशीपुरते नाही.